शाई कुठे अडली, वन्सं?

वन्सं, मशीनच्या टोपीत सोडलेलं पाणी पहिल्याच दिवशी खाली गेलं होतं. पंप सुरू केला आणि थेंब गुडूप. तुमच्या हिशेबाने म्हणजे खालची बाजू ठणठणीत. हे मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांना सांगून काय उपयोग, त्यांना टोपी कुठली आणि पंप कुठला हेच माहीत नाही. ज्यांना सांगायचं त्या तुम्ही, आणि तुमच्या फोटोला हार घालून झालाय. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रडगाणं पुरे, आधी मशीन बघ." मशीन बघितलं. कसं बघितलं तेच सांगायचं आहे. फक्त नेहमीसारखं मध्ये तोडू नका.

तेराव्याला आलेली माणसं तुमच्याबद्दल काय काय बोलत होती! शांत स्वभाव, कधी कुणाला दुखावलं नाही, आल्यागेल्याशी गोड. मी पंगतीत वाढत होते. मला हसू आवरेना, तशी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात पळाले, आणि आत गेल्यावर ते हसू कुठल्या कुठे गेलं. शांत म्हणे! तुम्हाला शांत म्हणणारा माणूस आपल्या गाळ्यात एकदाही आलेला नसणार. आर्किटेक्ट लोक फ्लॉपी देऊन बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन थांबायचे, ते काही चहा चांगला मिळतो म्हणून नव्हे.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही मुंबईला नोकरीला होतात. शनिवार-रविवारी पनवेलला यायचात. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे काढायचे, हे तुमचं काम. धाकट्या भावाला तुम्ही वाढवलेलं, तेव्हा घरात शब्द तुमचा. माझं तुमच्याशी बोलणं म्हणजे दूध तापवलं का, आणि डाळीला किती शिट्ट्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मग तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, शाईची पेनं कपाटात गेली आणि तुम्ही नोकरी सोडून कायमच्या घरी आलात. हे सकाळी रसायनीला कंपनीत गेले की दिवसभर घरात आपण दोघी. तुम्ही हॉलमध्ये, मी आत. भांडायलासुद्धा विषय नव्हता.

विषय मशीनने दिला. मी तेव्हा वेळ जात नाही म्हणून कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. तिथे कोणीतरी म्हणालं की नव्या पनवेलात, खांदा कॉलनीत एवढ्या बिल्डिंगी उठतायत आणि नकाशे छापायला सगळे वाशीला धावतायत. मी सहज जेवताना बोलले. तुम्ही पोळीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "वाशीला कशाला? पनवेलला काय शाई मिळत नाही?" हे हसले. तुम्ही नाही हसलात. तुमच्या बाबांच्या वेळचा गाळा रिकामा पडून होता, तो दुसऱ्याच दिवशी तुम्ही झाडून घेतलात, आणि तुमच्या फंडाच्या पैशांतून मुंबईहून नकाशे छापायचं ते जुनं मशीन आणलंत. टेम्पोतून उतरवताना हमाल म्हणाला, "बाई, ओटा आणलात काय?" होतंही ते आपल्या ओट्याएवढंच लांब.

तुम्हाला त्या मशीनचा आधी राग होता. आठवतंय? तुमचं काम खाणारी ही जात. पहिला नकाशा बाहेर आला तेव्हा तुम्ही भिंग घेऊन रेघ तपासलीत, वाकड्या नजरेने. मग भिंग खाली ठेवून म्हणालात, "हात थरथरत नाही मेल्याचा." तेवढी एक स्तुती. त्यानंतर कधी केल्याचं मला आठवत नाही, त्याची नाही आणि माझीही नाही.

आणि मग शाई अडायला लागली. मोठ्या मशीनचं हे दुखणं जगजाहीर आहे असं मुंबईचा मेकॅनिक म्हणायचा, पण तो बोलावल्यावर आठवड्याने यायचा आणि आल्यावर अर्धा वेळ फोन कुठे आहे ते विचारायचा. तेव्हा आपणच शिकलो. शाईच्या डब्या मशीनच्या बाजूला, खालच्या अंगाला. तिथून बारीक नळ्या वर जातात, कागदावर शाई सोडणाऱ्या डोक्यावर बसवलेल्या चिमुकल्या डबीत शाई साठते, आणि तिथून डोक्यात. छापून झालं की ती डोकी उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोप्यांवर बसतात. टोपीखाली पंप. पंप ओढतो, टोपी घट्ट असेल तर डोक्यातून शाई खाली येते, तोंड मोकळं होतं. शाई आली नाही तर पंप नुसताच घरघरतो आणि कागदावर पांढऱ्या रेघा.

इथे आपलं जमेना. तुमचं म्हणणं, दोष खालून शोधायचा. टोपीच्या काठावर शाई वाळली असेल, तिथून हवा शिरते, मग पंपाने कितीही जीव काढला तरी शाई येणार कशी. काठ पुसायचा, टोपीत डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडायचे, पंप लावायचा, पाणी खाली जातंय का बघायचं. नाही गेलं तर नळी बघायची. गेलं तर परत काठ पुसायचा. हे सगळं तुम्ही स्टुलावर बसून, साडीचा पदर खोचून, कान मशीनला लावून करायचात. माझं म्हणणं, वरून बघा. नळीत बुडबुडा दिसतोय, डबीत अर्धी हवा आहे, सांधा कुठेतरी सैल आहे. डॉक्टरची पिचकारी लावून सरळ शाई ओढली की काम झालं.

"ओढून काढायची नाही शाई," तुम्ही म्हणायचात. "यायची असेल तेव्हा येईल."

"वन्सं, शाई काय पाहुणी आहे?"

"तुला घाई आहे ना, जा, चहा टाक."

मी चहा टाकायला जायचे आणि परत येईपर्यंत बऱ्याच वेळा शाई आलेली असायची. मग तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसता कप घ्यायचात आणि माझ्याकडे बघत घोट घ्यायचात. त्या बघण्यावर मी किती चिडायचे, काय सांगू.

एकदा मात्र तुम्ही पुरत्या सापडला होतात. नकाशा बाहेर येईपर्यंत तुम्ही मांडीवर कापूस घेऊन देवाच्या वाती वळत बसायचात. रिकामा हात तुम्हाला चालायचाच नाही. त्यातलीच एक वात पाण्यात बुडवून तुम्ही टोपीचे काठ पुसायचात. छान टोक असतं म्हणे, कोपऱ्यात जातं. एका सकाळी गाळा उघडला तर टोपीत काळ्या-निळ्याचा चिखल, मशीनच्या पायाशी थारोळं, आणि काळं डोकं कोरडं ठाक. मी बॅटरी मारून बघितलं. टोपीच्या काठावर कापसाचा एक धागा आडवा पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. रात्रभर तो धागा शाई वर ओढून बाहेर सोडत बसला होता, समईतली वात तेल ओढते तसा. कापसाने आपलं काम चोख केलं होतं. मी हसून हसून खाली बसले. म्हटलं, वन्सं, नैवेद्य तेवढा दाखवायचा राहिला. तुम्ही दुपारपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. मग जेवणाचा डबा उघडताना अगदी सहज म्हणालात, "म्हणजे दोष खालीच होता ना?"

ह्याला काय म्हणायचं, सांगा. मी भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून चष्म्याचं कापड आलं, वाती घरी गेल्या.

मला अजून एक दिवस आठवतो आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आपल्याच बिल्डिंगमध्ये. मला अशा ठिकाणी जायला नको वाटतं, का ते तुम्हाला न सांगता माहीत होतं. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या हातात वाण देताना सगळ्यांसमोर विचारलंच, "अजून काही नाही का गं? डॉक्टर बदलून बघ ना." तुम्ही तिळगुळ तोंडात टाकलात आणि म्हणालात, "आहे की आम्हाला. दोघींना मिळून एक. रोज शाई पितं." बायका हसल्या, विषय गेला. घरी येताना जिन्यात मी तुमचा हात धरला असता, पण तुम्ही पुढे होतात आणि तुमचं सुरू होतं की त्या बाईंचा तिळगुळ चिवट होता. मी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही ओरडला असतात. तरी मानायला हवे होते, वन्सं. आज मानते.

आता शेवटच्या दुपारचं. नेऱ्याच्या हिराजीबाबांच्या घराचा नकाशा मशीनवर होता. डोंगराच्या पायथ्याशी भात पिकवणारा माणूस, म्हातारपणी पक्कं घर बांधायला निघालेला. तुमचा आणि त्यांचा आधीच खटका उडालेला, कारण नकाशा पाहून तुम्ही त्यांना म्हणाला होतात की स्वयंपाकघराला मागच्या बाजूला खिडकी नाही, बायको धुराने मरेल. त्यांनी तुम्हाला सुनावलं होतं, "आमच्या घरान कंदी मेली नाय कोन धुरान." ते रागारागाने गेले, तो खिडकीशिवायचाच नकाशा आपण छापत होतो. अर्ध्यावर काळी रेघ फिकी झाली आणि मग दिसेनाशीच झाली. तुम्ही स्टूल ओढलंत. काठ पुसला, पाणी सोडलं, पंप लावला. पुष्कळ वेळाने कशीबशी शाई आली. "बघ," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "तात्पुरती आलीय. वर हवा आहे. काळ्या नळीचा सांधा बघा, बुडबुडे कुठून येतायत ते."

"तुझं आपलं वरच."

"तुमचं आपलं खालीच."

"उद्या दाखवते तुला," तुम्ही म्हणालात आणि चष्मा डबीत घातलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उठला नाहीत. ह्यांनी दोनदा हाक मारली. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते आटून गेलं.

सुतकात गाळा बंद. मी तिसऱ्या की चौथ्या दिवशी ह्यांना म्हटलं, मी नुसती जाऊन येते, मशीन चालू करून पंप लावते आणि परत येते, त्याला रोज थोडी शाई ओढावी लागते नाहीतर डोकी वाळतात. तुम्ही दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा सोवळं सोडून जाऊन आला होतात, तेही सांगितलं. हे कोपऱ्यात चटईवर बसले होते, दाढी वाढलेली. म्हणाले, "शुभा, ताई गेलीय. तेरावं होईपर्यंत दुकान उघडलं तर लोक काय म्हणतील? मशीन आहे ते, मूल नाही." त्यांना बोचवायचं नव्हतं, बोलून गेले. मी आत गेले. तुम्ही असतात तर त्यांना असं काही ऐकवलं असतंत की ते स्वतः किल्ली घेऊन उठले असते. पण तुम्ही असतात तर सुतक कशाला असतं.

तेराव्यानंतर गाळा उघडला. तुमचा चष्मा टेबलावर, तुमचं स्टूल मशीनच्या उजव्या कोपऱ्याशी, जसं सोडलंत तसं. मशीन चालू केलं. रंगांची कुरकूर होती, पण ती गेली. काळी मात्र येईना. तेव्हा मी काय करावं? मी तुमच्या स्टुलावर बसले. काठ पुसला, थेंब सोडले, पंप लावला. पाणी खाली गेलं, लगेच. म्हणजे पंप चांगला, टोपी घट्ट, खालची नळी मोकळी. तुमच्याच परीक्षेत तुमची बाजू साफ सुटली होती. उरली वरची. नळीकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती, पण बघितलं. बुडबुड्यांची माळ होती नुसती.

मी परत काठ पुसला. परत पाणी सोडलं. परत ते खाली गेलं.

त्याच दुपारी हिराजीबाबा आले. दारातूनच म्हणाले, "मोटी बाय जेवाया गेली काय? आमी किती येला आलो, गाला बंदच." मी सांगितलं. ते तिथेच उंबऱ्यावर टेकले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मना कोन बोललाच नाय," ते म्हणाले. मग खिशातून फ्लॉपी काढली. "खिरकी ठेवलीय मी. मागच्या अंगाला, तिनं सांगलेली तितंच. घरवाली बोलली, त्या बायचा खरा हाय. तिला सांगाला आलतो, का तुजाच खरा."

मी फ्लॉपी घेतली. म्हटलं, बाबा, मशीन बंद आहे, वाशीला लवकर होईल. सोमवारी त्यांना तो नकाशा मंजुरीसाठी ऑफिसात द्यायचा होता. ते उठले आणि म्हणाले, "वाशीला कशाला? तिनं बगितलेला नकाशा हाय. हितंच निगंल. उद्या येतो." वाशीला कशाला हे त्यांनी अगदी तुमच्या आवाजात म्हटलं असं मला वाटलं. तसं काही नसणार. त्या दिवसांत मला सगळ्यांच्या आवाजात तुम्हीच ऐकू यायचात.

संध्याकाळी ह्यांनी विषय काढला. प्रेमाने काढला, खोटं बोलणार नाही. म्हणाले, "गाळ्याला गिऱ्हाईक आलंय. औषधाचं दुकान काढायचंय त्याला. सोमवारपर्यंत सांगतो म्हटलंय." मी भांडी विसळत होते. "मशीन तसंही बंद पडलंय ना? ताई होती तोवर ठीक होतं. तू एकटी काय करशील तिथे दिवसभर?"

मी एकटी काय करीन. प्रश्न बरोबर होता, वन्सं. मला गाळा हवा होता तो नकाशांसाठी नव्हे. दिवसातून जेवढी वाक्यं मी तोंडातून काढायचे त्यातली जवळजवळ सगळी त्या गाळ्यात निघायची आणि तुमच्याशीच निघायची. घरात मी सून आणि तुम्ही नणंद, गाळ्यात आपण दोघी बरोबरीच्या. घरात मी तुमच्यासमोर पाय पसरून बसले नाही कधी. गाळ्यात तुम्हाला तोंडावर हट्टी म्हटलंय. आता तिथे औषधाच्या बाटल्यांची कपाटं लागली की मला पुन्हा बोलायला हॉल आणि स्वयंपाकघर. मी ह्यांना म्हटलं, मशीन सुरू झालं तर? ते म्हणाले, "सुरू झालं तर ठेव. मी काय अडवतोय? पण सोमवारपर्यंत."

दुसऱ्या दिवशी गेले. स्टुलावर बसले. काठ पुसला, पाणी सोडलं, गेलं. कान लावला. पंपाची घरघर तुम्ही ऐकायचात तशी ऐकली, तुम्हाला त्यात काय ऐकू यायचं देव जाणे. पिचकारी समोरच्या ड्रॉवरमध्ये होती. तिला हात लावला नाही. हिराजीबाबा आले, उद्या या म्हटलं, ते गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी गाळ्यात बसून डबा खाल्ला, अर्धी भाजी सवयीने तुमच्यासाठी बाजूला काढली. परत काठ पुसला. तो इतका स्वच्छ झाला होता की त्यात जेवावं.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की वरचा सांधा उघडला, पिचकारी लावली की शाई येणार. ठाऊक असून मी तीन दिवस काढले. वेडेपणा होता, मान्य. पण पिचकारी लावली असती तर आपला वाद तिथेच संपला असता ना, वन्सं. उद्या दाखवते म्हणून गेलात तुम्ही. तुमचा तो उद्या मला मोडायचा नव्हता. मी तुमच्या बाजूने तुमचं काम करत बसले, तुमच्यासारखी पदर खोचून, की अजून काही सापडेल खाली, एखादी भेग, एखादा कचरा, आणि मग मी म्हणेन, हं, तुमचंच खरं. मला हरायचं होतं. हरले असते तर तुम्ही कुठेतरी आहात असं वाटलं असतं. दुसरं काय सांगू.

शनिवार उजाडला. सोमवार समोर दिसत होता. हिराजीबाबा आले ते ह्या वेळी गेलेच नाहीत, आत येऊन खुर्चीवर बसले. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा काठ पुसत होते. ते बघत होते.

"काय झालाय तिला?" त्यांनी मशीनकडे हात केला.

"शाई येत नाही, बाबा. वरून येत नाही."

"मंग वर बगा की," ते म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

त्यांना काय माहीत आपल्या घरात हे किती वर्षं चाललंय. पण मी ते तोंडाने बोलले होते, मोठ्याने, माणसासमोर. आता मागे घेता येत नव्हतं. मी स्टुलावरून उठले. ड्रॉवर उघडला, पिचकारी काढली. झाकण काढून काळ्या डबीचा सांधा सोडवला. पिचकारी लावली आणि हळू ओढली, तुम्ही ओरडाल एवढी जोरात नाही. आधी नुसती हवा आली. मग फेस. मग एक थेंब आणि मग सरळ, जाड, काळी शाई. माझ्या बोटांवर आली, पदरावर आली. मी रडत होते की काय मला कळलं नाही, हिराजीबाबांनी मात्र तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं. भला माणूस.

सांध्यात बारीक रबरी रिंग असते. ती काढून उजेडात धरली. एका बाजूला चिरली होती, नखाने दाबलं की तोंड उघडायची. तिथूनच हवा आत शिरायची आणि नळीतली शाई मागे डब्यात उतरायची. सुट्या भागांच्या पाकिटात एक नवी रिंग होती, ती बसवली. डबी भरली, सांधा आवळला, मशीन लावलं, पंप लावला. त्याचा आवाज बदलला. हे मला ऐकू आलं, वन्सं. रिकामा पंप घरघरतो आणि शाई ओढणारा पंप जड चालतो. तुम्ही कान लावून हेच ऐकत होतात तर. सांगायचंत ना कधी! मला वाटायचं तुम्ही उगीच भाव खाताय.

नकाशा निघाला. हिराजीबाबा कागदाबरोबर सरकत सरकत वाकून बघत होते. मागच्या भिंतीत खिडकी आली, काळ्याभोर रेघेत, तेव्हा त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती, थोडी फिसकटली. मी दुसरी प्रत काढून दिली. ती फिसकटलेली त्यांनी घरी न्यायला मागून घेतली, घरवालीला दाखवायला. जाताना म्हणाले, "बाय, गाला बंद करू नुको." मी म्हटलं, नाही करत.

ह्यांनाही रात्री जेवताना सांगितलं, औषधवाल्याला नाही कळवा. ते म्हणाले, "झालं सुरू?" मी हो म्हटलं. त्यांनी काय बिघडलं होतं ते विचारलं नाही. थोड्या वेळाने भात कालवता कालवता म्हणाले, "ताईला बरं वाटलं असतं." मला हसू आलं. बरं वाटलं असतं कसलं. तुमचा तीळपापड झाला असता.

आज सोमवार. गाळा उघडलाय. सकाळी खांदा कॉलनीतला एक आर्किटेक्ट फ्लॉपी देऊन गेला आणि सवयीने टपरीवर जाऊन उभा राहिला. त्याला आत बोलवायला हवं होतं, कोणी ओरडणारं नाही आता. मी बोलावलं नाही. मशीन चालतंय, नकाशा हळूहळू बाहेर येतोय आणि मला मध्ये काही करायचं नाही. पूर्वी ह्या वेळेला आपलं सगळ्यात जास्त भांडण व्हायचं.

ती चिरलेली रिंग समोर ठेवली आहे. मी ती पुन्हा पुन्हा तपासली, तुम्हाला कुठून निसटायला वाट मिळते का ते बघितलं. टोपी चांगली होती, पंप चांगला होता, खालची नळी चांगली होती. दोष वर होता. त्या शेवटच्या दुपारीसुद्धा वरच होता, आणि मी सांगत होते आणि तुम्ही ऐकत नव्हतात. ह्यातून तुम्हाला सुटका नाही. इतकी वर्षं मला एकदा तरी हे तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं, म्हणून आज म्हणते. मी बरोबर होते, वन्सं. तुम्ही चुकलात. आता भांडा ना माझ्याशी.